सरकारी छपरावरचा भोपळा

गोदाबाईने भर उपासनेत उभे राहून "ह्यो भोपळा आमच्या घरचा हाय" असे म्हटले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. सरकारी कौल फुटले नसते, आप्पांचे पागोटे भिजले नसते, आणि ज्या खात्यात मी इमानेइतबारे कारकुनी करतो (खात्याचे नाव सांगत नाही, पेन्शन अजून व्हायचे आहे) त्या खात्याला "वेल म्हणजे झाड काय?" या प्रश्नावर डोके खाजवीत बसावे लागले नसते.

माझे नाव शांतवन रणनवरे. नाव वडिलांनी ठेवले, त्या वेळी माझा सल्ला घेतला नव्हता. आम्ही मूळचे नगरचे. तिथली ख्रिस्ती मंडळी केवढी मोठी, हे रत्नागिरीच्या लोकांना मी पहिल्या महिन्यातच पुष्कळदा सांगून टाकले होते. बदली होऊन इथे आलो तेव्हा रत्नागिरीची मंडळी म्हणजे जेमतेम चाळीस माणसे, एक कौलारू देऊळ, आणि एक बाजाची पेटी, जिचा एक सूर दमट हवेने कायमचा बसलेला. गाताना त्या सुराच्या जागी सगळे मिळून खोकत असत. मला वाटले, हे दिवस कसेबसे काढायचे आणि परत नगर गाठायचे.

तेवढ्यात उपकारस्तुतीचा रविवार आला. भाताची कापणी झाली की ख्रिस्ती मंडळी आपापल्या घरचे पहिले फळ देवळात आणतात: कोणी नारळ, कोणी पडवळ, कोणी कोंबडी. उपासनेनंतर पायऱ्यांवर त्यांचा लिलाव होतो आणि देवाचे देवाला पोचते. आता मी येऊन महिना झालेला. माझ्या घरी पिकणार काय? मी आदल्या दिवशी बाजारातून चांगला थोरला लाल भोपळा आणला आणि वेदीपुढे ठेवला. घरचा आहे असे मी म्हटले नव्हते. काशीराम मास्तर हे आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांतले. त्यांनीच आपल्या खणखणीत शाळामास्तरी आवाजात जाहीर केले, "बंधू रणनवरे यांच्या घरचा भोपळा." यात माझा दोष काय, हे मला आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

आणि गोदाबाई उठली. ही आमच्या मंडळीतली सर्वांत वयस्कर बाई. घरामागे भाजी करते, बाजारात नेऊन देते.

"ह्यो भोपळा आमच्या घरचा हाय," ती म्हणाली. "ह्या देठाजवळचा डाग बघा. चुलीच्या भिंतीला टेकून होता, म्हणून पडलाय. परवाच बाजारात दिला."

तिच्या बोलण्यात कपट नव्हते. मुंबईला गेलेला मुलगा अचानक दारात दिसावा, तसा आनंद तिला झाला होता. पण देऊळ हसले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी हसू दाबण्यासाठी रुमाल काढला. माझे कान तापले, आणि नगरच्या मंडळीची अब्रू आता सर्वस्वी माझ्यावर आहे असे वाटून मी उभा राहिलो.

"पुढल्या वर्षी याच रविवारी," मी म्हणालो, "मी माझ्या अंगणात, माझ्या हाताने, कोणाच्याही मदतीवाचून पिकवलेला भोपळा घेऊन येईन."

पाळकसाहेबांच्या तोंडून सवयीने "आमेन" निघून गेले आणि माझा परतीचा रस्ता बंद झाला.

लिलावात तो भोपळा गोदाबाईनेच घेतला आणि अर्धा आमच्याकडे पाठवून दिला. रणनवऱ्यांच्या घराण्यात कोणाचा उपकार घेण्याची पद्धत नाही. मी त्या भाजीला बोट लावले नाही. सगुणेने, म्हणजे माझ्या पत्नीने, दोन दिवस चवीने खाल्ली आणि बिया राखेत घोळवून डब्यात ठेवल्या.

"भोपळा लावतात कसा ते तुम्हांला ठाऊक आहे का?" तिने विचारले.

"आमच्या सात पिढ्या शेतकरी."

"मामंजी मास्तर होते. त्यांचे वडीलसुद्धा मास्तर."

बायकांना घराण्याचा इतिहास सांगून उपयोग नसतो.

आमचे राहण्याचे घर सरकारी. घर म्हणजे अर्धे घर. एकाच लांबलचक छपराखाली दोन बिऱ्हाडे: एक आमचे, दुसरे आमच्याच कचेरीतले हेडक्लार्क आप्पा यांचे. आप्पा सरळ माणूस. लाच घेणार नाहीत, खोटे बोलणार नाहीत, आणि घरी सुपारी कातरायची झाली तरी त्याला आधार कोणता हे पाहून घेतील. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी अंगणात खड्डा खणायला घेतला, आणि रत्नागिरीची जमीन म्हणजे काय याचा मला उलगडा झाला. वर बोटभर माती, खाली सगळा जांभा दगड. नगरकडे कुदळ मारली की ती जमिनीत जाते. इथे ती परत आपल्याकडे येते.

"रणनवरे," आप्पा ओसरीवरून म्हणाले, "खड्डा खणताय, पण सरकारी आवारात खड्ड्याला मंजुरी लागते."

"हा खड्डा नाही, आप्पा. अजून झाला कुठे?"

त्यांनी येऊन पाहिले आणि त्यांना ते पटले. अखेर मी खणणे सोडून दिले आणि नदीकाठची गाळमाती आणून कातळावर ढीग केला. मदत घ्यायची नाही हा पण असल्यामुळे घमेले माझ्याच डोक्यावर. कचेरीला जाणारे-येणारे लोक थांबून पाहत. एकाने तर आमच्या खात्यात पगार बंद झाले काय, अशी चौकशी केली.

बी रुजले, वेल हातभर झाला, आणि सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. काशीराम मास्तरांनी शेतकीचे इंग्रजी पुस्तक आणले आणि नर फूल व मादी फूल यांचे नाते मला इतक्या मोठ्या आवाजात समजावून सांगितले की सगुणा आत निघून गेली. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा आणि गोगलगाई वेचा. जानू खारवी हाही आमच्या मंडळीतलाच. मुंबईची आगबोट रत्नागिरीला आली की ती लांब समुद्रात उभी राहते, आणि जानूचा पडाव उतारूंना काठावर आणतो. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे जानू रिकामा. तो एके दिवशी टोपलीभर माशांची डोकी घेऊन आला आणि वेलाच्या बुंध्याशी पुरून गेला. मी कचेरीत होतो म्हणून हे साधले. त्यानंतर गावातली सगळी मांजरे आमच्या अंगणात वस्तीला आली, आणि आप्पांनी ओसरीवर बसून पोथी वाचणे सोडून दिले.

सर्वांत मोठा सल्ला येसूबाईंचा. या आप्पांच्या पत्नी. "वेल फार माजलाय," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागंल. जुनी वहाण बांधा."

मी त्यांना नम्रपणे सांगितले की आम्ही ख्रिस्ती लोक असल्या गोष्टी मानीत नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कचेरीला निघालो तर डाव्या पायाचा बूट नाही. घर पालथे घातले. शेवटी सगुणेने बोट दाखवले. माझा कचेरीचा काळा बूट वेलाच्या मांडवाला उलटा लटकत होता. येसूबाईंनी तो जुना समजला, यानेच मला अधिक लागले. आणि तो सोडवायला मी स्टुलावर चढलो असतानाच फाटकातून पाळकसाहेब आले. त्यांनी बुटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "बंधू रणनवरे, काही शंका असतील तर बोलत जावे." मी पुष्कळ खुलासा केला. खुलासा जितका लांबला तितका त्यांचा चेहरा दयाळू होत गेला.

श्रावणात मला हिवतापाने गाठले. असे गाठले की उठवेना. मी सगुणेला बजावले, "मंडळीत कोणाला कळवू नकोस. आपण इथे परके. कोणाचे ओझे होऊ नये." ती बिचारी एकटी पाणी आणी, काढा करी, माझ्या कपाळावर घड्या ठेवी, आणि माझी बडबड ऐकून घेई. रविवारी आम्ही उपासनेला गेलो नाही. दुपारी दारात जानू उभा.

"देवळात दिसलात नाय, म्हणून आलो."

"मी ठीक आहे," मी म्हणालो. पण माझे दातच इतके वाजत होते की त्यांनी मला खोटे पाडले.

जानू गेला, आणि संध्याकाळच्या आत आमच्या घरात निम्मी मंडळी होती. नगरची मंडळी मोठी हे खरे. पण तिथे दोन-तीन रविवार गैरहजर राहिले तरी कोणाच्या ध्यानात येत नसे. इथे बाकावरची एक जागा रिकामी राहिली की सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. काशीराम मास्तर शाळा सुटली की येऊन उशाशी बसत आणि मला झोप लागेपर्यंत स्तोत्रे वाचत. त्यांच्या त्या आवाजात झोप लागणे हा चमत्कारच होता, पण लागे. गोदाबाई मडके भरून पेज आणी. एका दुपारी ताप उतरून डोळे उघडले तर समोर गोदाबाई भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून सगुणा झोपली होती. आजार सुरू झाल्यापासून सगुणेला मी अशी झोपलेली पाहिली नव्हती. गोदाबाईचा हात तिच्या केसांवरून फिरत होता. मला रडू आले. तापामुळे असेल, असे मी त्या वेळी ठरवले. तापामुळे नव्हते, हे आता सांगून टाकतो. परमुलखात आपले कोणी नाही असे धरून मी वर्ष काढले होते, आणि ते सारे वर्ष ही माणसे इथेच, दोन गल्ल्यांवर होती.

काठीच्या आधाराने अंगणात आलो तेव्हा वेल जागेवर नव्हता. मांडव रिकामा. मी वर पाहिले. काथ्याचे दोर, मधे वेळूची काठी, गाठींवर गाठी, आणि त्यावरून माझा वेल थेट छपराच्या आढ्यावर गेलेला.

"हे कोणी केले?"

"मी," जानू म्हणाला. "तुमी पडून. वेल मांडवावरनं उतरून भुईवर कुजाया लागला. शीड चढवतात तसा चढवला."

"मी कोणाची मदत घेणार नाही असे देवळात सांगितले होते."

"तुमी सांगितलात," जानू म्हणाला. "वेलानं काय सांगितलं नव्हतं."

पुढे कळले की पाणी घालायला सगुणा आणि गोदाबाई होत्या, किडे मास्तरांनी वेचले होते, आणि एकदा खुद्द पाळकसाहेब शिडीवर चढून पाने झटकून गेले होते. माझ्या प्रतिज्ञेत आता फक्त माझे नाव उरले होते. पण वर, बरोबर आढ्यावर, आमच्या आणि आप्पांच्या बिऱ्हाडांच्या मधोमध, एक भोपळा धरला होता. त्याच्याकडे पाहिल्यावर रागावणे जमेना. तो रोज वाढे. माझ्या मनाशी नगरची आठवण निघाली की मी बाहेर येऊन त्याला पाहून जाई. लवकरच त्याचा आकार असा कळसासारखा झाला की रस्त्याने जाणारा खेडूत हात जोडू लागला, आणि जोडल्यावर हे देऊळ नव्हे हे लक्षात येऊन ओशाळू लागला.

मग एका पावसाळी पहाटे भोपळ्याच्या भाराने कौल फुटले. फुटले ते आप्पांच्या बाजूचे, आणि त्याखाली खुंटीवर आप्पांचे पागोटे होते. त्या दिवशी वरून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. आप्पा ओले पागोटे घालून कचेरीत आले. साहेबांशी बोलताना त्यांच्या कपाळावरून पाणी ओघळत होते, आणि साहेबांनी त्यांना दोनदा विचारले, तुम्ही घाबरता कशाला?

संध्याकाळी आप्पा माझ्याकडे आले. हातात लिहिलेला कागद.

"रणनवरे, वाईट वाटून घेऊ नका. सरकारी छपराचं नुकसान झालं, तर मला रिपोर्ट करणं भाग आहे. तुमच्याविरुद्ध एक अक्षर नाही. सगळं भोपळ्याविरुद्ध लिहिलंय."

त्यांनी तो वाचून दाखवला. रिपोर्ट उत्तम होता. एका ठिकाणी भाषा थोडी कडक वाटली ती मीच सुधारून दिली. हेडक्लार्कचा मसुदा चोख जावा ही कोणत्याही कारकुनाची भावना असते. त्याचा परिणाम काय होणार, हे डोक्यात आले नाही.

पहिल्यांदा ओव्हरसियर शिडी लावून वर चढले. त्यांनी भोपळ्याची लांबी-रुंदी घेतली, आणि उतरताना आणखी दोन कौले फोडली. ती भोपळ्याच्या नावावर पडली. मग प्रश्न निघाला की सरकारी आवारातल्या फळांचा दरसाल लिलाव होतो, त्यात हे फळ बसते काय. नियमात नावे चारच: आंबा, नारळ, फणस, चिंच. वेल हे झाड नव्हे, असे एका टेबलाचे मत पडले. झाड नसले तरी त्याने सरकारी छपराचा आधार घेतला आहे, असे दुसऱ्याचे. कागद इतका फिरला की भोपळा पिवळा होऊन पिकला, तरी तो फिरतच होता. शेवटी निकाल आला: आधार सरकारी, म्हणून उत्पन्न सरकारी. लिलाव होईपर्यंत फळ देठापासून तोडू नये, जागचे हलवू नये. सरकारी नोकरास बोली करता येणार नाही. दरम्यान फळाची राखण तेथे राहणाऱ्या कारकुनाने करावी.

म्हणजे माझ्या भोपळ्याचा राखणदार म्हणून माझीच नेमणूक झाली. आणि लिलावाचा दिवस पडला सोमवार. त्याच्या आदला रविवार उपकारस्तुतीचा.

सगुणा म्हणाली, "तोडून न्या हो. देवाला नेताय, चोरी नव्हे."

"मी राखणदार आहे," मी म्हणालो. हे शब्द तोंडातून निघताना मला कोणावर चिडावे तेच कळेना. वर्षभर घमेली वाहिली, मांजरे सोसली, बूट टांगून घेतला, आणि उपकारस्तुतीला मी पुन्हा हात हलवीत जाणार. या खेपेला तर बाजारातला भोपळा नेण्याचीही सोय नव्हती. गोदाबाई तो लगेच ओळखणार.

बुधवारच्या प्रार्थनासभेत मी उभा राहिलो आणि एकदाचे सांगून टाकले, की मी दिलेला शब्द पुरा होत नाही. भोपळा आहे, पण तो यायचा नाही. खाली बसलो तेव्हा कोणी हसले नाही. काशीराम मास्तरांनी अर्जाचा मसुदा सुचवला. पाळकसाहेब डोळे मिटून बसले. मागच्या बाकावरून जानूचा आवाज आला.

"आगबोट धक्क्याला लागत नाय, म्हणून काय उतारू तिच्यातच ठेवतात? पडाव बोटीकडं जातो."

कोणाला काही उमगेना.

"भोपळा देवळात येत नसंल," जानू म्हणाला, "तर देऊळ भोपळ्याकडं जाईल."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. गोदाबाई म्हणाली, "मग झालं की. बाक उचलाया किती येळ लागतो?"

मला मात्र धडकी भरली. सरकारी आवारात चाळीस माणसे जमवणे, म्हणजे आप्पा. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत त्यांच्या ओसरीवर गेलो आणि सगळे सांगितले. आप्पांनी चष्मा लावला, नियमांचे पुस्तक काढले, आणि बराच वेळ शोधले.

"सभेला मनाई आहे," ते म्हणाले. मी उठू लागलो. "मिरवणुकीलाही आहे. भजनाला कुठं दिसत नाही. आमच्याकडं दर एकादशीला भजन होतं, ते कोणत्या नियमानं? तुमचं आदितवारी होईल." त्यांनी चष्मा काढला. "मात्र माणसं जमिनीवर बसणार असतील तर आमचं जाजम न्या. सतरंजी तुमच्याकडं एकच आहे, मी पाहिलीय."

तो रविवार मी विसरणार नाही. सकाळी फाटकातून बाक आले, पेटी आली, नारळ आले, पडवळे आली, कोंबडी आली. आप्पांचे जाजम अंगणभर. शेजारच्या ओसरीवर येसूबाई आणि त्यांच्या चार मैत्रिणी, रस्त्यावर बघ्यांची रांग. खाली सगळी पहिली फळे, आणि वर आढ्यावर, उन्हात, सर्वांत वरच्या आसनावर भोपळा. एवढ्या उंचीवर पहिले फळ वाहिलेले नगरच्या मंडळीने कधी पाहिले नसेल. मी हे पुढे नगरला पत्राने कळवलेही.

काशीराम मास्तर जाहीर करायला उभे राहिले. नारळ झाले, पडवळे झाली. मग त्यांनी वर पाहिले.

"बंधू रणनवरे यांच्या घरचा..." ते थबकले. गेल्या वर्षीचा धडा त्यांच्या ध्यानात होता.

"सरकारी," आप्पा ओसरीवरून हळूच म्हणाले.

अंगण हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात गोदाबाई उठली.

"ह्यो भोपळा आमच्या घरचा हाय," ती म्हणाली. शब्द तेच, आवाज तोच. "बी आमचं. गेल्या साली अर्धा धाडला होता, त्यातलं. खत जानूचं. पाणी सगुणाचं आनि माजं. किडे मास्तरांनी काढले. आनि ह्या बाबानं," तिने माझ्याकडे हात केला, "डोक्यावर माती वायली. सगळा गाव हसला तरी वायली. ह्यो आमच्याच घरचा हाय."

वर्षापूर्वी याच शब्दांनी माझे कान तापले होते. आता मी मान वर करून बसलो होतो, आणि आजूबाजूचे ते चाळीस लोक, ज्यांना मी नगरच्या थोरवीने वर्षभर पिडले होते, ते माझ्या घरचे आहेत याचा मला इतका अभिमान वाटला की छाती दुखू लागली. मग उपकारस्तुतीचे गीत सुरू झाले. मी असा गायलो की पेटीच्या बसलेल्या सुराच्या जागी खोकायचे राहून गेले. तिसऱ्या कडव्याला येसूबाई ध्रुवपदात सामील झाल्या.

सोमवारी लिलाव. पुकारणारे आप्पाच, डोक्यावर कोरडे पागोटे. बाजारातला एक व्यापारी आला होता. त्याने भोपळा पाहिला, मग अंगणात गप्प उभ्या असलेल्या आमच्या सगळ्या मंडळीकडे पाहिले, आणि हातखंब्याला काम आहे म्हणून निघून गेला. गोदाबाईने बोली केली. एक वार, दोन वार, तीन वार. जानूने वर चढून भोपळा दोराने असा अलगद खाली सोडला की एकही कौल फुटले नाही. नंतर आप्पा पावती लिहायला बसले.

"घेणाऱ्याचं नाव?"

"मंडळी," गोदाबाई म्हणाली.

"बापाचं नाव?"

गोदाबाईने वर बोट दाखवले. आप्पांनी वर पाहिले. तिथे फुटकी कौले होती. त्यांनी ती जागा कोरी सोडली आणि माझ्याकडे वळले.

"आता तुम्ही, रणनवरे. राखणदार म्हणून सांगा. फळ पिकवलं कोणी?"

वर्षभर या प्रश्नाचे उत्तर मी तयार ठेवले होते. माझ्या अंगणात, माझ्या हाताने, कोणाच्याही मदतीवाचून. मी घसा साफ केला.

"आमच्या मंडळीने," मी म्हणालो.

आप्पांनी लेखणी खाली ठेवली. "पिकवणारी मंडळी, घेणारीही मंडळी. मग मधे सरकार कशाला आलं?"

"हेच तर आम्ही कधीपासून विचारतोय," काशीराम मास्तर म्हणाले.

भोपळा तिथेच, आप्पांच्या ओसरीवर कापला. बाईने आख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावू नये, असे येसूबाईंचे मत पडल्यामुळे पहिला घाव आप्पांनी घातला. घरटी एक फोड झाली, त्यात आप्पांचेही घर आले. गोदाबाई एक फोड घेऊन माझ्यापुढे आली.

"ही तुमची. गेल्या साली खाल्ली नव्हतीत. सगुणा बोलली मला."

रणनवऱ्यांच्या घराण्यात उपकार घेण्याची पद्धत नाही, हे मी वर सांगितलेच आहे. मी दोन्ही हात पुढे केले आणि फोड घेतली. भाजी मी एकट्याने निम्मी संपवली. सगुणेने बिया राखेत घोळवल्या, अर्ध्या डब्यात ठेवल्या आणि अर्ध्या येसूबाईंना दिल्या.

फुटलेल्या कौलांच्या जागी खात्याने नवी कौले बसवली. जुन्या काळवंडलेल्या छपरात तेवढीच लालभडक दिसतात. नगरकडचा कोणी पाहुणा आला की तो समुद्र दाखवा म्हणतो. मी त्याला आधी अंगणात नेतो, ती कौले दाखवतो, आणि हे सगळे सविस्तर सांगून शेवटी म्हणतो, "ती जागा आमच्या मंडळीची."

"सरकारी," आप्पा ओसरीवरून म्हणतात, आणि पाहुण्याला बसायला जाजम पाठवून देतात.